तेहतीस हवा : टायरच्या दिव्यावरच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

विषय मंजूर झाला: टायर बसल्याचं, म्हणजे त्याची हवा उतरल्याचं, गाडीला कसं कळतं. सरांची अट एकच. बाजारातला तयार सेट आणून गाडीला लावला, हा प्रकल्प नाही. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा नेमका कशावरून लागतो ते आधी दाखवा, मग त्यात तुम्ही काय भर घातली ते सांगा.

गट तिघींचा, सगळ्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. काम माझ्या मामांच्या टायरच्या दुकानात होईल, जळगाव–धुळे महामार्गावर, एरंडोलच्या थोडं पुढे. कॉम्प्रेसर, टायर उतरवायचं मशीन, जुने रिम, सगळं तिथे आयतं आहे. गिऱ्हाइकांचीही कमी नाही. कापूस वेचणी सुरू झाली की शिवाररस्त्याने येणाऱ्या गाड्यांत बाभळीचा काटा ठरलेला, नाहीतर कापलेल्या पऱ्हाटीचा खुंट. काटा घुसतो आणि तिथेच बूच होऊन बसतो. हवा जाते, पण दिवसाला दोन-तीन पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप). खरं तर तो दिवा आहे तो याच पंक्चरसाठी. टायर फुटला तर दिव्याची वाट कोण बघणार!

११ जानेवारी

सकाळी सातला दुकानात. थर्मामीटरवर ११ अंश. मामांची गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती, चारही टायर मोजले: २७ ते २७.५. काल दुपारी धुळ्याहून आल्या आल्या दुकानातल्या पोराने बरोबर ३३ केले होते. पंक्चर एकही नाही, चारही चाकं टबात बुडवून पाहिली.

हिशेब केला तर कोडं राहत नाही. गेज दाखवतं तो दाब वातावरणाच्या वरचा. आपल्याकडे वातावरणाचे साधारण १४.४ पीएसआय त्यात मिळवायचे: ३३ म्हणजे खरे ४७.४. काल टायरमधली हवा ५० अंशांवर असेल असं धरू, म्हणजे ३२३ केल्विन. आज २८४. ४७.४ गुणिले २८४ भागिले ३२३, आले ४१.७. त्यातून १४.४ वजा, २७.३. गेजशी जुळलं.

मामांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "मी तं रोजच सांगस, गरम टायरनी हवा काढानी नही." गिऱ्हाईक लांबून येतं, गेजवर ३८ दिसतात, "भाऊ, जास्त आहे, काढा" म्हणतं. काढायची नसते. कंपनीने दाराच्या खांबावर जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरचा, म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा.

वहीत ठळक लिहून ठेवते: दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. हा आकडा प्रकल्पभर आडवा येणार.

१९ जानेवारी, रविवार

बाजार समितीचं सिमेंटचं आवार आज रिकामं, म्हणून खडूचा प्रयोग केला.

दिवा लावायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत प्रत्येक चाकात दाब मोजणारा सेन्सर असतो. दुसरीत टायरमध्ये काहीच नसतं. एबीएस ब्रेकसाठी (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारे) प्रत्येक चाकाला फेऱ्या मोजणारा सेन्सर असतोच, त्याच्याच आकड्यांवरून संगणक टायर बसल्याचा अंदाज बांधतो. ज्या टायरची हवा कमी तो खाली दबतो, त्याची त्रिज्या घटते, तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फिरावं लागतं. पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय. किती जास्त, ते बघायचं होतं.

टायर १८५/६५ आर १५. मागच्या डाव्या टायरवर खडूची रेघ मारली, ती जमिनीला टेकते तिथे सिमेंटवर दुसरी. एक जण स्टिअरिंगला, दुकानातली दोन पोरं ढकलायला, मी चाकाशेजारी ओणवी होऊन फेऱ्या मोजत. दहा फेऱ्या झाल्या की पुन्हा रेघ, मग टेप.

३३ हवेवर दहा फेऱ्यांत गाडी गेली १८ मीटर ९४ सेंटिमीटर. मग त्याच टायरची हवा २१ वर आणली. अॅक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची २८.७ वरून २७.८ सेंटिमीटर झाली, म्हणजे ९ मिलिमीटर खाली. त्रिज्या ९ मिलिमीटरने घटली असेल तर दहा फेऱ्यांत ५६ सेंटिमीटर कमी जायला हवं. प्रत्यक्षात टेपवर १८ मीटर ८६. फरक फक्त ८ सेंटिमीटर!

पोरांना वाटलं आम्ही मोजायला चुकलो, म्हणून पुन्हा ढकलली. तेच.

उत्तर मामांच्या भंगारात पडलेल्या कापलेल्या टायरमध्ये सापडलं. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. हवा कमी झाली की बगला फुगतात, अॅक्सल खाली येतो, पण त्या पट्ट्याची लांबी फारशी बदलत नाही. एका फेरीत जमिनीवर पट्टाच अंथरला जातो, त्यामुळे अंतर जवळपास तेवढंच राहतं. खरं तर ३३ हवेवरच शंका यायला हवी. २८.७ त्रिज्येच्या हिशेबाने दहा फेऱ्यांचे १८ मीटर ३ सेंटिमीटर होतात, आणि टेप १८.९४ सांगतोय.

म्हणजे संगणकाला मिळतो तो सुगावा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एबीएसच्या सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्याला ४८ दाते आणि दर दात्याला एक ठोका धरला तर ताशी ६० किलोमीटरला चांगल्या टायरचे सेकंदाला ४२२ ठोके, बसलेल्याचे ४२४. आणि गाडी १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर गेली की आतल्या-बाहेरच्या चाकांत दीड टक्का फरक आपसूक पडतो, पंक्चरच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे संगणक वळण, ब्रेक, जोराचं अॅक्सिलरेशन हे सगळं बाजूला टाकतो, सरळ रस्त्यावरचे ठोके साठवत राहतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या चाकांच्या जोड्या एकमेकींशी ताडून पाहतो. हे त्या बिचाऱ्याने मिनिटभरात सांगावं ही अपेक्षाच चूक.

२ फेब्रुवारी

मावसभावाची गाडी याच फेऱ्या मोजणाऱ्या जातीची, जरा जुनी. आधी चारही टायर थंड असताना नीट भरून रिसेटचं बटण दाबलं. हे बटण हवा भरत नाही की मोजत नाही. "आत्ता जे आहे ते ठीक आहे असं समज", एवढंच ते गाडीला सांगतं. टायर बसलेला असताना कुणी दिवा घालवायला म्हणून ते दाबलं, तर गाडी बसलेला टायरच प्रमाण धरते. मामांच्या सांगण्यावरून असे महाभाग बरेच आहेत.

मागचा एक टायर २४ वर आणला, ताशी ५० च्या वर जायचं नाही असं ठरवलं आणि पारोळ्याकडे निघालो. बराच वेळ काही नाही. पारोळा यायच्या आधी, सरळ पट्ट्यावर, दिवा लागला. कोणतं चाक ते सांगितलं नाही.

परत येताना चारही टायर २६ वर. दिवा शेवटपर्यंत लागला नाही. चौघे सारखेच बसले तर तुलना कुणाशी करणार? आणि खरं पाहता हीच अवस्था सगळ्यात जास्त गाड्यांची असते, कारण महिनोन्महिने हवा न पाहिलेली गाडी चारही बाजूंनी सावकाश उतरते.

८ फेब्रुवारी

वाचनाचा दिवस, थोडक्यात.

कारखान्यातूनच दाबाची देखरेख घेऊन आलेली पहिली गाडी पोर्शे ९५९, १९८६ ची. सर्वसामान्य गाड्यांत ही गोष्ट सक्तीची झाली ती अमेरिकेत, फायरस्टोन टायरांच्या प्रकरणानंतर. ऑगस्ट २००० मध्ये साधारण ६५ लाख टायर परत बोलावले गेले, त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना दिवा आला. युरोपात सगळ्या नव्या मोटारींना नोव्हेंबर २०१४ पासून.

दोन्हीकडच्या नियमांतला फरक आमच्या कामाचा आहे. अमेरिकेत छापील थंड दाबापेक्षा २५ टक्के खाली गेलं की २० मिनिटांत दिवा लागला पाहिजे. ३३ च्या गाडीला ती रेषा पावणेपंचवीसवर येते. युरोपात २० टक्के, एका टायरचं पंक्चर असेल तर १० मिनिटांत, चारही टायर सावकाश उतरत असतील तर तासाभरात, आणि ती घट मोजायची धावत्या गाडीतल्या गरम दाबावरून.

मावसभावाची गाडी या दुसऱ्या परीक्षेत बसली नसती. मग नुसत्या फेऱ्या मोजणाऱ्या गाड्या तिथे पास होतात कशा?

९ फेब्रुवारी

कशा, ते आज एका ट्रकवाल्याने दाखवलं, न विचारता. मागच्या जोडचाकांत आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही. तो उतरला, हातात टॉमी, प्रत्येक टायरवर एकेक ठोका. टण्ण, टण्ण, टण्ण, भद्द. "हाऊ बसेल शे," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

नव्या गाड्यांतला संगणक हेच करतो, फक्त ठोके रस्ता देतो. खडबडीतून जाताना टायर थरथरतो, ती थरथर फेऱ्यांच्या ठोक्यांत बारीक मागेपुढे होण्यातून उमटते. टायर आणि रिम यांच्यामधल्या पिळाची स्वतःची एक कंपनसंख्या असते, साधारण सेकंदाला ४० ते ५० च्या घरात. हवा कमी झाली की स्प्रिंग सैल होते, कंपनसंख्या खाली सरकते. ही खूण प्रत्येक टायरची स्वतंत्र, शेजाऱ्याशी तुलना लागत नाही. चारही बसले तरी कळतं.

हा भाग आम्ही स्वतः करून पाहणार नाही. एबीएसच्या तारांना हात लावायला सरांनी मनाई केली आहे, आणि ते बरोबर आहे.

१ मार्च

चाकातल्या सेन्सरकडे वळलो. मामांकडे एका परदेशी गाडीचा मेलेला सेन्सर होता, तो कापला. वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, बुडाला स्क्रूने बसणारा, मुठीत मावेल एवढा काळा डबा, घरच्या काट्यावर ३० ग्रॅम. आत सगळं राळेसारख्या रसायनात बुडवलेलं. ते ब्लेडने सोलत गेलो. बटणासारखी लिथियम बॅटरी, पायांना वेल्ड केलेली. सेल संपला की नवा टाकायची सोयच नाही, अख्खा सेन्सर बदलायचा. साधारण पाच ते दहा वर्षं टिकतो. शेजारी तांब्याच्या तारेची छोटी गुंडाळी: गॅरेजमधलं यंत्र १२५ किलोहर्ट्झची हाक देतं, ती ऐकून सेन्सरला जागं होण्यासाठी. आणि मधोमध एक चिप, जिच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक.

सगळा खेळ त्या भोकाचा. आत सिलिकॉनचा अतिपातळ पडदा आहे, हवेने तो वाकतो, वाकला की त्यावरच्या रोधकांचा रोध बदलतो. या सेन्सरचं भोक पांढऱ्या चिकट्याने बुजलेलं होतं. टायरमध्ये ओततात ते पंक्चर-लिक्विड. सेन्सरवाल्या गाडीत ते विचारून टाकावं.

त्याच चिपमध्ये तापमान मोजायची सोय असते आणि वेगबदल जाणणारा भागही. चाक फिरतंय की उभं, हे सेन्सर केंद्रापासून बाहेर ओढल्या जाण्यावरून ओळखतो. ताशी ८० ला ही ओढ गुरुत्वाच्या सुमारे ११० पट होते, ३० ग्रॅमचा डबा सव्वातीन किलोसारखा खेचला जातो. गाडी उभी की सेन्सर जवळपास झोपलेला. चालू लागली की दर काही सेकंदांनी दाब बघतो, पण रेडिओवर बोलतो साधारण मिनिटाला एकदा. एकदम हवा गेली तर मात्र लगेच ओरडतो. ही सगळी काटकसर बॅटरीसाठी.

१५ मार्च

चाकात बसणारा सुटा सेट आला. स्वस्तातले वॉलच्या टोपीसारखे मिळतात ते मुद्दाम घेतले नाहीत: टोपी टायरच्या बाहेर असते, तिला आतल्या हवेचं तापमान कळत नाही, आणि आमची सगळी भिस्त त्या तापमानावर आहे.

बसवताना मामा स्वतः मशीनवर. टायरची कड रिमवरून सोडवताना मशीनचा पंजा वॉलजवळ आला की आतला सेन्सर तुटलाच समजा, म्हणून वॉलच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची. नंतर चाक बॅलन्स, कारण आता एका बाजूला ३० ग्रॅम वाढले.

२२ मार्च

लॅपटॉपला आरटीएल-एसडीआरचा डोंगल लावला. मूळचा टीव्हीसाठीचा, पण ४३३.९२ मेगाहर्ट्झवर आणला की सेन्सरचं बोलणं ऐकू येतं. स्क्रीनवर क्षणभर दोन जवळजवळच्या रेघा उमटतात आणि जातात, एक शून्यासाठी, एक एकासाठी. उलगडायला आरटीएल-४३३ नावाची मोफत प्रणाली आहे. संदेश इवलासा: सेन्सरचा स्वतःचा क्रमांक, दाब, तापमान, बॅटरीची स्थिती, शेवटी पडताळणीचा आकडा.

गंमत म्हणजे आमचे चार सेन्सर सोडून इतरही क्रमांक येत राहिले, महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचे! सेन्सरचा क्रमांक उघड्यावर जातो, कुणीही ऐकावा. अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलं होतं की हे संदेश ४० मीटरवरून टिपता येतात, आणि खोटा संदेश पाठवून दिवाही लावता येतो. आम्ही परक्यांचे क्रमांक साठवत नाही. प्रोग्राममध्ये आमचे चार लिहिले, बाकी सगळं टाकून दिलं जातं. गाडीतला संगणकही असंच करतो. म्हणून चाकांची अदलाबदल केली की त्याला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर तो पुढचा टायर मागचा म्हणून सांगेल.

१९ एप्रिल

आजचा दिवस ज्याच्यासाठी जानेवारीपासून थांबलो होतो. पहाटे २६ अंश, दुपारी सावलीत ४३.

पहाटे तीन टायर ३३ वर, मागचा उजवा २६ वर. काट्याच्या पंक्चरने आठवडाभरात झाला असता तसा. सरांची अट: वेग ५० च्या आत, आणि कोणताही टायर २४ च्या खाली दिसला की गाडी बाजूला.

दुपारी तीन. महामार्ग तापून पांढरा पडलेला, दुकानातली पोरं ताडपत्रीखाली. तासभर चालवल्यावर आकडे: तीन टायर ३८ च्या आसपास, मागचा उजवा ३०.३, आतली हवा ५८ अंश.

पावणेपंचवीसची रेषा सोडा, युरोपच्या २० टक्क्यांनी छापील ३३ वरून काढलेली २६.४ ची रेषाही तो आरामात ओलांडून वर बसलाय. आकडे दाखवणारी गाडी असेल आणि चालवणारा डोळस असेल तर ३८ आणि ३० मधला फरक त्याला दिसेल. नुसता दिवा, तोही छापील आकड्याला बांधलेला, तर गप्प. तोच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा २६ वर येणार, दिवा लागणार, आणि मालक म्हणणार, "काल तर ठीक होती, सेन्सरच खराब आहे."

गिऱ्हाइकांच्या तोंडून हे वाक्य मामांनी कितीदा ऐकलंय. दुपारी येतात, गेज लावलं की ३० दिसतात, हसून निघून जातात. काटा आतच.

२० एप्रिल

आमची भर हीच. ईएसपी-३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपवर चालणारा छोटा डिस्प्ले: सेन्सरकडून दाब आणि तापमान घ्यायचं, दाबात १४.४ मिळवायचे, २९८ ने गुणायचं, आतल्या केल्विन तापमानाने भागायचं, १४.४ वजा करायचे. म्हणजे हा टायर आत्ता २५ अंशांवर असता तर किती दाखवला असता, तो आकडा. कालच्या ३०.३ ला हे सूत्र लावलं: २५.८. भर दुपारी दिवा लागला.

एक अडचण नोंदवून ठेवते. सेन्सर रिमला चिकटलेला असतो, त्याचं तापमान म्हणजे हवेचं तापमान असं नेहमी नसतं. उताराला सतत ब्रेक मारत आलं की रिम तापतो, सूत्र हवा आहे त्याहून कमी दाखवतं. कन्नड घाट उतरून चाळीसगावला येणाऱ्याला आमचा डिस्प्ले विनाकारण घाबरवेल. म्हणून पाच मिनिटांची सरासरी घेतली आणि दिवा लागण्याआधी तिन्ही बाकीच्या टायरांशी तुलनाही जोडली. उन्हाची बाजूही बघितली: पश्चिमेकडे तोंड असलेले दोन टायर सात अंशांनी जास्त गरम, कच्च्या आकड्यात एक पीएसआयचा फरक, सुधारलेल्यात जवळपास शून्य.

२८ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खडूच्या प्रयोगावरच निम्मा वेळ घेतला. ८ सेंटिमीटर त्यांना पटेनात, कापलेला टायर टेबलावर ठेवला तेव्हा पटले.

मग विचारलं, "स्टेपनीचं काय?" आमच्या सेटमध्ये चारच सेन्सर, आणि बहुतेक गाड्यांतही स्टेपनीला सेन्सर नसतो. ती लावली की त्या चाकाचा संदेश येईनासा होतो, दिवा आधी मिनिटभर मिचकतो आणि मग तसाच लागून राहतो. ती खूण हवेची नाही, यंत्रणेतल्या बिघाडाची. ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे ट्यूबलेस टायर, दाबाची देखरेख आणि पंक्चर दुरुस्तीचा किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे, हेही सांगितलं.

परीक्षकांनी जाता जाता त्यांच्या गाडीची डिकी उघडून दिली. मामांचं गेज माझ्याकडे होतंच. स्टेपनीत १४ हवा निघाली.